जीपार्टेड: हिरवी खूण दाबण्याआधीचं परीक्षण

ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची म्हटलं की बहुतेक जण थेट इन्स्टॉलर सुरू करतात आणि कुठल्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या कुठल्या तुकड्याला, किती जागा हा प्रश्न पडद्यावर आला की मग डोकं खाजवायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो. इन्स्टॉलरला पुढे जायची घाई असते आणि आपल्यालाही. म्हणून मी आकड्यांचं काम आधीच, वेगळं बसून, जीपार्टेड या पार्टिशन मांडायच्या साधनात उरकते. पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, ते सविस्तर सांगणार आहे.

मी पेशाने हिशेबनीस. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं नाही, पण घरातल्या आणि नात्यातल्या सगळ्यांच्या यंत्रांवर नवी सिस्टिम टाकायचं काम कधीतरी माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. त्यामुळे हे परीक्षण कोड वाचणाऱ्याचं नाही. आकडे जुळतात का, आणि जुळले नाहीत तर आधी कळतं का, एवढंच बघणाऱ्या बाईचं आहे.

जीपार्टेड म्हणजे जीनोम पार्टिशन एडिटर. २००४ पासून आहे, जीपीएल परवान्याखाली फुकट मिळतो. पार्टिशनच्या सीमा हलवायचं काम आत लिबपार्टेड नावाची लायब्ररी करते, आणि प्रत्येक फाइल सिस्टिमसाठी, म्हणजे पार्टिशनमध्ये फाइल मांडायच्या पद्धतीसाठी, तिचीतिची हत्यारं वापरली जातात. विंडोजची एनटीएफएस लहान करायची असेल तर एनटीएफएसरिसाइझ, लिनक्सची ईएक्सटी४ असेल तर रिसाइझ२एफएस. लिनक्सच्या चालू सिस्टिममध्ये टाकता येतो, लिनक्स मिंटच्या लाइव्ह (न बसवता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हमध्ये तयारच असतो, आणि डेबियनवर आधारलेली जीपार्टेड लाइव्ह नावाची स्वतंत्र आवृत्तीही आहे. ही शेवटची मी कायम एका पेनड्राइव्हवर ठेवते. चालू होताना की-बोर्ड आणि भाषा विचारते, एंटर दाबत गेलं की एक साधासुधा डेस्कटॉप आणि जीपार्टेडची खिडकी समोर येते. दिसायला देखणं अजिबात नाही. वर डिस्कचा आडवा पट्टा, त्यात वेगवेगळ्या रंगांच्या चौकटीत पार्टिशनं, वापरलेली जागा पिवळसर, रिकामी पांढरी, वाटप न झालेली राखाडी. खाली तक्ता. माउंट झालेल्या, म्हणजे वापरात असलेल्या, पार्टिशनपुढे किल्लीचं चिन्ह, काही गडबड असेल तर इशाऱ्याचा त्रिकोण. एवढंच, आणि एवढं पुरतं.

याचा खरा गुण खालच्या पट्टीत आहे. तुम्ही एखादं पार्टिशन लहान करा, नवं तयार करा, पुसा. वरचा पट्टा लगेच बदललेला दिसतो, पण डिस्कवर काहीही झालेलं नसतं. केलेली प्रत्येक गोष्ट खाली यादीत जाऊन बसते. पटलं नाही तर शेवटची नोंद मागे घ्या, किंवा सगळी यादी पुसून टाका. वरची हिरवी खूण दाबून, पुन्हा विचारल्यावर होकार दिला की मगच डिस्कला हात लागतो. माझ्या धंद्यातली कच्ची वही आणि पक्की वही, अगदी तसंच. कमांडवाल्यांपैकी एफडिस्कही शेवटी लिहायची आज्ञा देईपर्यंत थांबतो, पण त्यात चित्र दिसत नाही. आणि ज्याच्या लायब्ररीवर जीपार्टेड उभा आहे तो पार्टेड मात्र आज्ञा दिली की तिथल्या तिथे अमलात आणतो. जीनोमचं डिस्क्स नावाचं साधनही एकदा होकार दिला की लगेच काम करून मोकळं होतं. शांतपणे चार वेगवेगळ्या वाटण्या मांडून बघायच्या असतील तर यादी साठवून ठेवणारं साधन लागतं. कित्येकदा मी यादी भरते, पट्टा बघते, आकडे कागदावर उतरवते आणि काहीही न दाबता खिडकी बंद करते. तेही काम झालंच.

पण हा नियम जीपार्टेड स्वतःच दोन ठिकाणी मोडतो आणि माझा पाचवा तारा तिथेच गेला.

एक, नवं पार्टिशन टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठून कुठे याची डिस्कवरची नोंद. कोरी डिस्क असेल तर आधी तिच्यावर टेबल लिहावं लागतं, जीपीटी किंवा जुनं एमबीआर. हे काम यादीत जात नाही. ताबडतोब होतं. जुनी डिस्क निवडली असेल तर तिच्यावरची सगळी पार्टिशनं त्या क्षणी गेली. इशारा येतो, ठळक येतो, पण जो माणूस अर्धा तास ‘काही झालं तरी मागे घेता येतं’ या भरवशावर काम करतोय, त्याचं बोट इशारा वाचायला थांबेलच असं नाही. आणि गंमत म्हणजे यादीत काही बाकी असेल तर टेबल बनवूच देत नाही. म्हणजे कोऱ्या डिस्कवर नुसती मांडणी करून बघायची तर आधी खरंखुरं टेबल लिहाच. दोन, फ्लॅग. ईएफआय पार्टिशनला, म्हणजे सिस्टिम उठवणारे प्रोग्राम जिथे असतात त्याला, ईएसपी हा फ्लॅग (ओळखीची खूण) लावायचा असतो; तो पार्टिशन प्रत्यक्षात तयार झाल्यावरच लावता येतो आणि लावला की लगेच लागतो. यातून डेटा जात नाही म्हणून माफ. पहिलं माफ नाही. टेबलचा पर्याय निदान वेगळ्या रंगात तरी हवा होता.

याच कारणाने उजव्या कोपऱ्यातली डिस्क निवडायची यादी मी दर वेळी दोनदा बघते. पेनड्राइव्ह, आतली एसएसडी, बाहेरची बॅकअपची डिस्क, तिन्ही बऱ्याचदा सारख्याच नावाने उभ्या असतात, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. मेन्यूतून डिव्हाइसची माहिती उघडली की बाजूला मॉडेल आणि सिरियल नंबर दिसतो. तो उघडा ठेवूनच काम करावं.

आता प्रत्यक्ष हिशेब. भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोज ११ होतं, त्याच्या बाजूला लिनक्स बसवायचं होतं. डिस्क ५१२ जीबीची एसएसडी, रॅम १६ जीबी. जीपार्टेडने डिस्क दाखवली ४७६.९४ जीआयबी. भाचा म्हणाला, ‘‘आत्या, पस्तीस जीबी खाल्ले कुणी?’’ कुणी खाल्ले नाहीत. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, जीपार्टेड १०२४ च्या पटीत मोजतो, ते जीआयबी आणि एमआयबी. जीबीच्या पातळीवर हा फरक सुमारे ७ टक्क्यांचा, टीबीच्या पातळीवर १० टक्क्यांच्या जवळ. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ दिसते. योजना आखताना खोक्यावरचा आकडा धरला की शेवटच्या पार्टिशनला जागा कमी पडते. आकडा जीपार्टेडमधला घ्यावा.

पट्ट्यावर डावीकडून उजवीकडे हे होतं: १०० एमआयबीचं ईएफआय, १६ एमआयबीचं मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड, मग भलं मोठं सी, आणि टोकाला पाऊण जीआयबीचं रिकव्हरी. सी मध्ये १३८ जीआयबी वापरात. भाच्याचं मत होतं की विंडोजला १५० ठेव आणि बाकी सगळं लिनक्सला देऊन टाक. मी नाही म्हटलं. त्या १३८ मध्ये आज काय आहे एवढंच कळतं. पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची) आणि हायबरनेशनची फाइल (झोपताना रॅम साठवायची) सी मध्येच राहते, विंडोजची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा जुनी सिस्टिम विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये १० दिवस पडून असते, आणि ती लहान नसते. त्यात त्याचा एखादा गेम. सी ला २४० दिले. उरले २३६ आणि थोडे वर.

इथे जीपार्टेडची एक बारीक कटकट सांगायलाच हवी. मुख्य खिडकीत आकडे जीआयबीत दिसतात, पण आकार बदलायच्या चौकटीत मात्र फक्त एमआयबी. २४० हवे तर २४५७६० टाइप करा. ६४ हवे तर ६५५३६. मला १०२४ चा पाढा आता येतो, पण २०० जीआयबीच्या जागी २००००० लिहून १९५.३ मिळवणारे लोक मी पाहिलेत. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या पार्टिशन मॅनेजरमध्ये एकक निवडता येतं. इथे एवढी वर्षं झाली तरी नाही.

त्याच चौकटीत मात्र या साधनाची सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. तीन रकाने असतात: आधीची मोकळी जागा, नवा आकार, नंतरची मोकळी जागा. बहुतेक लोक मधला रकाना भरतात आणि बाकीचे दोन शून्य ठेवतात. माझ्या मते विचार करायचा तो बाजूच्या दोन रकान्यांचा.

कारण असं आहे. पार्टिशनची उजवी सीमा हलवणं स्वस्त. फाइल सिस्टिमला सांगायचं की तुझी हद्द इतकी वाढली, टेबलात एक आकडा बदलायचा, झालं. ईएक्सटी४ तर चालू सिस्टिममध्ये, पेनड्राइव्ह न लावताही उजवीकडे वाढवता येते. डावी सीमा हलवणं महाग. फाइल सिस्टिमची सुरुवातच सरकते, म्हणून आतला डेटा उचलून दुसऱ्या जागी मांडावा लागतो. शेकडो जीबी असतील आणि फिरती डिस्क असेल तर तास जातात, आणि त्या तासांत वीज गेली तर अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे. जीपार्टेडही अशा वेळी बजावतो की याला फार वेळ लागू शकतो, आणि बूटचं पार्टिशन असेल तर सिस्टिम उठणारही नाही कदाचित. म्हणजे तुमचे आकडे चुकले तर त्याची किंमत किती, हे आकड्यांवर ठरत नाही; मोकळी जागा कोणाच्या उजव्या हाताला ठेवली यावर ठरतं. रूटला, म्हणजे लिनक्सच्या सिस्टिमच्या पार्टिशनला, ४० दिले की ६०, यावर लोक भांडत बसतात. ४० देऊन उजवीकडे ३० मोकळे ठेवणारा माणूस ६० देऊन शेजारी भिंत बांधणाऱ्यापेक्षा सुखात राहतो.

भाच्याच्या डिस्कवर मग मी अशी मांडणी केली. सी च्या लगेच पुढे रूट, ६४ जीआयबी. त्यानंतर ३२ जीआयबी तसेच राखाडी सोडले. मग होम, म्हणजे स्वतःच्या फाइलचं पार्टिशन, रिकव्हरीला टेकेपर्यंत, १४० च्या आसपास. होमच्या चौकटीत ‘आधीची मोकळी जागा’ या रकान्यात ३२७६८ लिहायचं, बस. भाच्याला ते राखाडी बघवत नव्हतं. ‘‘वाया चाललेत ना!’’ वाया नाही जात. होम भरलं तर फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवता येतात, ते माणसाच्या हातात आहे. रूट भरलं तर काय हलवणार? म्हणून राखीव जागा रूटच्या उजवीकडे. एसएसडीचं म्हणाल तर कधीच न लिहिलेली जागा तिच्या कंट्रोलरला आतल्या कामाला उपयोगीच पडते. आणि सहा महिन्यांनी वाटलंच तर ती होमला डावीकडून जोडायची सोय आहेच, फक्त डेटा सरकवायची किंमत मोजून.

हाच विचार सी च्या बाबतीत केला तर ते अडकलेलं आहे, हे मान्य. त्याच्या उजवीकडे रूट आहे. सी वाढवायचं तर रूट सरकवावं लागणार. सगळ्यांच्या उजवीकडे मोकळी जागा ठेवता येत नाही. कोणाला कोंडायचं ते निवडावं लागतं. म्हणूनच सी ला आधीच सढळ हाताने दिलं.

रूटला ६४ का? ‘रूटला २० जीबी भरपूर’ हा सल्ला अजून फिरतोय आणि तो जुना झाला आहे. उबंटूची २४.०४ आवृत्ती स्वतःच किमान २५ जीबी मागते. शिवाय पूर्वी ॲप म्हणजे काही एमबीचं पॅकेज असायचं. आता फ्लॅटपॅक या पद्धतीची ॲप सगळ्यांसाठी बसवली की त्यांना चालायला लागणारे मोठे मोठे रनटाइम व्हार फोल्डरखाली जातात, स्नॅप या दुसऱ्या पद्धतीची ॲपही तिथेच, डॉकरच्या (ॲप बंद डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) इमेजही तिथेच. व्हार हा रूटचाच भाग. सिस्टिमडीचे (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचे) लॉग फाइल सिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीआयबीपर्यंत वाढतात. टाइमशिफ्ट या बॅकअपच्या साधनाचे स्नॅपशॉट रूटवरच ठेवायला सांगितले तर विचारायलाच नको. नुसतं ब्राउझर आणि ऑफिस वापरणाऱ्याला ४० पुरतील. डॉकर वापरणाऱ्या पोराला ६४ सुद्धा मी उजवीकडे ३२ ठेवूनच दिले. यातलं काहीही जीपार्टेड सांगत नाही, सुचवतही नाही. काही लोकांना हा दोष वाटतो. मला नाही वाटत. तुमच्या घरात डॉकर आहे की नाही हे त्याला कुठून कळणार?

स्वॅपवर, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर, मी वेळ घालवत नाही. उबंटू १७.०४ पासून स्वॅपसाठी फाइल वापरतं, फेडोरा ३३ पासून रॅममध्येच दाबून ठेवणारं झेडरॅम. वेगळं पार्टिशन हवं ते मुख्यतः हायबरनेट करणाऱ्याला, आणि मग ते रॅमएवढं तरी ठेवावं. तेही सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टिम उठवायची सोय) चालू असेल तर बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंचा, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांचा, कर्नल (सिस्टिमचा गाभा) हायबरनेट करूच देत नाही. सोळा जीआयबी द्यायच्या आधी हे तपासून घ्यावं.

छोट्या पार्टिशनांकडे मात्र लोक बघतच नाहीत, आणि तीच सगळ्यात चिवट. विंडोजला कोरी डिस्क दिली की ते ईएफआय पार्टिशन साधारण १०० एमबीचं करतं. ग्रब हा बूटलोडर (सिस्टिम उठवणारा प्रोग्राम) वापरला तर लिनक्सचं त्यात काही एमबींत भागतं. पण सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरणाऱ्या मांडणीत कर्नल आणि इनिटरॅमएफएस (उठताना लागणाऱ्या फाइलचा गठ्ठा) दोन्ही तिथेच येतात आणि मग १०० म्हणजे काहीच नाही. वाढवायचं तर उजवीकडे १६ एमआयबीचं ते रिझर्व्ह्ड आणि त्याच्यापुढे अख्खं सी. म्हणजे सी ची डावी सीमा हलवा. एका छोट्या पार्टिशनसाठी सगळं घर हलवायचं. यावर उपाय एकच, आणि तो इन्स्टॉल करण्याआधीच करता येतो: डिस्क कोरी असतानाच जीपार्टेडने जीपीटी टेबल लिहायचं, सुरुवातीला १ जीआयबीचं फॅट३२ पार्टिशन करायचं, त्याला ईएसपीचा फ्लॅग लावायचा, बाकी सगळं रिकामं सोडायचं आणि मग विंडोजचा इन्स्टॉलर चालवून त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवायचं. आधीचं ईएफआय सापडलं की तो तेच वापरतो. ५१२ जीबीतला एक जीआयबी देऊन पुढची डोकेदुखी टळते. भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोज आधीच होतं, त्यामुळे तिथे १०० वरच ग्रबने भागवलं.

टोकाच्या रिकव्हरी पार्टिशनचंही तेच. लोक ते पाऊण जीआयबी बघतात आणि ‘हे कशाला हवंय’ म्हणून उडवतात. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ती नव्हती म्हणून जगभर पुष्कळ यंत्रांवर ते अपडेट बसलंच नाही आणि लोकांना हाताने पार्टिशन वाढवत बसावं लागलं. तेव्हा ते राहू द्या, आणि नव्याने मांडणी करत असाल तर १ जीआयबी द्या.

सी लहान करायचं काम जीपार्टेड करतो, नीट करतो, तरी मी ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करते. तिथे अडचण एकच: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि शॅडो कॉपी अशा न हलणाऱ्या फाइल मध्ये आल्या की ते एका मर्यादेपुढे लहान करत नाही. मग जीपार्टेडकडे यावं लागतं. येण्याआधी दोन गोष्टी. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय) चालू असेल तर जीपार्टेड ते ओळखतो पण त्याचा आकार बदलू शकत नाही. आणि विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवं इन्स्टॉल केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू होतं, त्यामुळे ‘मी तर कधी लावलंच नाही’ हे उत्तर चालत नाही. विंडोजमध्ये जाऊन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. दुसरं, फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं की शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते. एनटीएफएस अर्धी उघडी राहते आणि जीपार्टेड तिला हात लावायला नकार देतो. हा नकार मला आवडतो. शिफ्ट दाबून शटडाउन करा किंवा हायबरनेशनच बंद करा. आकार बदलल्यावर विंडोज पहिल्यांदा उठताना डिस्क तपासणी करतं. घाबरू नका, मध्ये बंदही करू नका.

फाइल सिस्टिम निवडतानाच आकाराच्या सुटकेचा रस्ता ठरतो, हे जीपार्टेडच्या मेन्यूत एक छान तक्ता आहे त्यावरून दिसतं. कुठली फाइल सिस्टिम वाढवता येते, लहान करता येते, हलवता येते, सगळं खुणांनी मांडलेलं. एक्सएफएस वाढते, लहान होत नाही.  एक्सफॅटचा आकार बदलताच येत नाही. ईएक्सटी४ दोन्ही करते, पण लहान करताना माउंट असून चालत नाही, म्हणून रूट लहान करायला पेनड्राइव्हवरूनच उठावं लागतं. हा तक्ता इन्स्टॉल करण्याआधी एकदा डोळ्यांखालून घातला तर पुढचं कितीतरी वाचतं.

बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांना यातला अर्धा विचार लागतच नाही. फेडोराने ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, डेस्कटॉपसाठी तीच ठेवली आहे: रूट आणि होम एकाच पार्टिशनमधले सबव्हॉल्यूम, जागा सामाईक. कोणाला किती हा वादच नाही. जीपार्टेडला मात्र ते सबव्हॉल्यूम दिसत नाहीत, त्याच्या लेखी एक मोठी चौकट. एलव्हीएमचंही (डिस्कची जागा एकत्र करून वाटणाऱ्या लिनक्सच्या सोयीचंही) तसंच, फिजिकल व्हॉल्यूम लहानमोठं करून देतो, पण आतले लॉजिकल व्हॉल्यूम बनवायचे तर केडीईचा पार्टिशन मॅनेजर घ्यावा किंवा कमांड शिकावी. तुमची मांडणी एलव्हीएमची असेल तर जीपार्टेड तुमच्यासाठी नाही, स्पष्टच सांगते.

आकड्यांबाबत आणखी एक. ईएक्सटी४ बनवताना ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी (सिस्टिमच्या प्रशासकासाठी) राखून ठेवली जाते. सिस्टिमच्या पार्टिशनवर ते शहाणपणाचं आहे, नुसत्या डेटाच्या २ टीबी डिस्कवर मात्र ९० जीआयबीच्या वर जागा अडकते. जीपार्टेड ही जागा रिकामी म्हणून दाखवतो, फाइल मॅनेजर धरत नाही, आणि मग माणूस म्हणतो आकडे जुळत नाहीत. हे प्रमाण बदलायची सोय जीपार्टेडमध्ये नाही. ट्यून२एफएस ही कमांड वापरून १ टक्क्यावर आणावं लागतं. हिशेबनिसाला न जुळणारे दोन आकडे दाखवायचे आणि कारण सांगायचं नाही, हे बरं नाही.

भाच्याचं काम शेवटी झालं ते असं. विंडोजमधून सी लहान केलं, जीपार्टेड लाइव्ह लावलं, यादीत दोनच नोंदी: रूट तयार करा, होम तयार करा. अलाइनमेंट (पार्टिशनची सुरुवात कशाच्या पटीत ठेवायची ते) एमआयबी, जशी मुळात असते तशीच. एक एमआयबीच्या पटीत सुरुवात आली की ४ केबीच्या सेक्टरशी आपोआप जुळतं, तिथे हुशारी दाखवायची गरज नाही. लेबलं मात्र दोन्हींना दिली, ‘रूट’ आणि ‘होम’ अशी, कारण इन्स्टॉलरमध्ये गेल्यावर नुसत्या नंबरांवर राहिलं की गोंधळ होतो आणि लेबल असलं की चुकीच्या पार्टिशनवर फॉरमॅटची खूण पडायची शक्यता कमी होते. चार्जर लावून हिरवी खूण दाबली. दोन रिकामी पार्टिशनं बनवायला वेळ असा लागलाच नाही. संपल्यावर तपशील साठवायचं बटण येतं, त्यातून प्रत्येक पायरीची नोंद असलेली एचटीएमएल फाइल मिळते. लाइव्हमध्ये ती रॅममध्येच राहते आणि बंद केलं की जाते, म्हणून वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. मी ती भाच्याला मेल केली. वर एकच ओळ लिहिली: पाचव्या आणि सहाव्याच्या मधली राखाडी पट्टी रूटची आहे, गेमची नाही.